वॅलेस कॅरोदर्स : नायलॉनमागचा माणूस

पॉलिमरचा पेपर ज्यांनी दिलाय त्यांना कॅरोदर्स हे नाव नवीन नाही. पाच मार्कांचं एक समीकरण, त्याचं तीन ओळींचं डेरिव्हेशन, आणि पान उलटलं की फ्लोरी सुरू. आपल्या सिलॅबसमध्ये हा माणूस एवढाच भेटतो. प्रोजेक्टच्या निमित्ताने लायब्ररीत बसून त्याच्याबद्दल थोडं जास्त वाचलं, तेव्हा एक गोष्ट कळली जी टेक्स्टबुकात कुठेच नाही. हा माणूस जवळजवळ आयुष्यभर आजारी होता. आजार असा की बाहेरून दिसत नाही, एक्स-रेमध्ये येत नाही, आणि त्या काळी त्यावर औषधही नव्हतं. नैराश्याचे झटके त्याला तरुणपणापासून येत, काही दिवसांनी जात, आणि परत येत. ते नसायचे त्या मधल्या काळात त्याने जगाला नायलॉन दिलं.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकते. माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये गेली, त्यामुळे माझं मराठी थोडं बोलण्यातलं आणि थोडं पुस्तकातलं असं मिसळून येणार. आणि दुसरं, कॅरोदर्सला मी अहो-जाहो करणार नाहीये. तसा तो माझ्या पणजोबांच्या वयाचा, पण वाचता वाचता तो मला आपल्याच हॉस्टेलमधल्या एखाद्या हुशार, अबोल सीनिअरसारखा वाटायला लागला. तेव्हा माफी असावी.

माझं गाव ब्राह्मणपुरी. तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. उत्तरेला सातपुडा, आणि गावाभोवती कापूस, केळी, पपई, ऊस. अशा गावात पॉलिमर केमिस्ट्री कुठून येणार असं वाटेल, पण बैलाचं दावं बघा, विहिरीत सोडलेल्या मोटारीचा दोर बघा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कापूस बांधलेली दोरी बघा. आजोबांच्या तरुणपणी हे सगळं अंबाडीचं नाहीतर तागाचं असायचं, आणि दोन पावसाळ्यांत कुजायचं. आता दुकानात जाऊन सगळे नायलॉनची दोरी मागतात. (इथे माझ्यातली इंजिनिअर गप्प बसत नाही. दुकानदार नायलॉन म्हणून जे देतो ते पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीई असतं. खात्री करायची तर एक तुकडा पाण्यात टाका. नायलॉनची घनता १.१४ च्या आसपास, ते बुडतं. पॉलिप्रॉपिलीनची ०.९ च्या आसपास, ते तरंगतं.) थ्रेशरचा व्ही-बेल्ट असतो ना, त्यातलं काळं रबर बऱ्याचदा निओप्रीनचं असतं. तेही याच माणसाच्या प्रयोगशाळेतून निघालं. म्हणजे दावं आणि बेल्ट, दोन्हीकडे कॅरोदर्स. गावात त्याचं नाव कुणाला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर शहरातही नाही.

वॅलेस ह्यूम कॅरोदर्सचा जन्म २७ एप्रिल १८९६ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात बर्लिंग्टन इथे. चार भावंडांत सगळ्यात मोठा. वडील एका कमर्शियल कॉलेजमध्ये शिकवायचे, म्हणजे टायपिंग, अकाउंट्स, सेक्रेटरीचं काम वगैरे. मुलाने शाळेनंतर तोच कोर्स केला आणि तो लवकर संपवलाही. मध्यमवर्गीय घर, शिक्षक वडील, मोठ्या मुलाकडून अपेक्षा. आपल्यापैकी अर्ध्या हॉस्टेलची गोष्ट वेगळी आहे का? १९१५ मध्ये तो मिझुरीतल्या टार्किओ कॉलेजला गेला. तिथे तो एकीकडे सायन्स शिकत होता आणि दुसरीकडे त्याच कॉलेजात अकाउंट्ससारखे विषय शिकवून खर्च भागवत होता. केमिस्ट्रीचे सर नोकरी सोडून गेले, पहिलं महायुद्ध चालू होतं, नवा माणूस मिळेना. मग कॉलेजने अजून पदवीही न झालेल्या या मुलालाच केमिस्ट्री शिकवायला उभं केलं! १९२० मध्ये पदवी मिळाली तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा मोठा.

पुढे इलिनॉय विद्यापीठ. मध्ये एक वर्ष साउथ डकोटात शिकवून पैसे जमवले आणि परत इलिनॉय. १९२४ मध्ये रॉजर अ‍ॅडम्स यांच्या हाताखाली पीएच.डी. झाली. अ‍ॅडम्स म्हणजे त्या काळातले ऑर्गॅनिक केमिस्ट्रीतले फार मोठे नाव. हायड्रोजनेशनला वापरतात तो प्लॅटिनम ऑक्साइडचा अ‍ॅडम्स कॅटॅलिस्ट त्यांचाच. गुरू-शिष्यांची ही जोडी शेवटपर्यंत टिकली, आणि त्याचं महत्त्व पुढे कळेल.

या इलिनॉयच्या दिवसांतच जवळच्या मित्रांच्या लक्षात आलं होतं की वॅलेसला मधूनमधून काहीतरी होतं. काही आठवडे तो झपाटल्यासारखा काम करायचा, गप्पा मारायचा, वाचायचा. मग एकदम सगळं थांबायचं. आपण कुचकामी आहोत, आपल्याला पुन्हा कधी नवीन कल्पना सुचणार नाही, जे केलं ते नशिबाने झालं, असं त्याला वाटायला लागायचं. हे परीक्षेत नापास झालेल्या मुलाचं बोलणं नव्हतं. वर्गात पहिला येणारा, सगळ्यात मानाची फेलोशिप मिळवणारा मुलगा हे म्हणत होता. मला हे वाचून सगळ्यात जास्त विचार करावा लागला. आपण समजतो की मार्क चांगले म्हणजे मुलगा ठीक आहे. रेक्टर, घरचे, मित्र, सगळे तेच समजतात.

१९२६ मध्ये तो हार्वर्डला शिकवायला गेला. शिकवणं त्याला जड जायचं. लोकांसमोर उभं राहून बोलायची भीती त्याची आयुष्यभर गेली नाही. तेवढ्यात ड्युपॉन्ट कंपनीत चार्ल्स स्टाइन नावाच्या अधिकाऱ्याने एक वेगळीच योजना मंजूर करून घेतली. कंपनीच्या पैशाने शुद्ध संशोधन करायचं, त्यातून लगेच प्रॉडक्ट निघालंच पाहिजे अशी अट नाही. या योजनेत ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचा ग्रुप सांभाळायला त्यांना कॅरोदर्स हवा होता. हार्वर्डच्या जवळपास दुप्पट पगार.

त्याने आधी नाही म्हटलं. आणि नाही का, हे त्याने कंपनीला पत्रातच कळवलं. मला अधूनमधून मनाचे असे झटके येतात की त्या काळात माझी काम करायची ताकद कमी होते. विद्यापीठात ते चालून जाईल, कंपनीत ती मोठी अडचण ठरू शकते, असा त्या पत्राचा अर्थ होता. विचार करा, साल १९२७. आज कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये एचआरच्या बाईंनी वीकनेस विचारला की आपण परफेक्शनिस्ट असल्याचं सांगतो. या माणसाने ऑफर हातात असताना आजार लिहून कळवला. मला विचाराल तर नायलॉनपेक्षा हे धाडस मोठं होतं. आणि ड्युपॉन्टनेही कमाल केली. पत्र वाचूनही त्यांनी आग्रह सोडला नाही, माणूस पाठवून परत समजावलं. ६ फेब्रुवारी १९२८ ला कॅरोदर्स विल्मिंग्टनला रुजू झाला. तिथल्या प्रयोगशाळेला बाकीचे इंजिनिअर थट्टेने 'प्युरिटी हॉल' म्हणायचे, कारण तिथे शुद्ध विज्ञान चालायचं आणि विकण्यासारखं काही निघत नव्हतं.

आता थोडी केमिस्ट्री. कंटाळू नका, मेकॅनिकलवाल्यांनाही कळेल असं सांगते. त्या वेळी जगात मोठा वाद चालू होता. रबर, सेल्युलोज, रेशीम हे पदार्थ नेमके कशाचे बनलेत? बरेच नामवंत शास्त्रज्ञ म्हणायचे की हे लहान रेणूंचे गठ्ठे आहेत, कसल्यातरी अनोळखी ओढीने एकत्र चिकटलेले. जर्मनीचे हर्मन स्टाउडिंगर म्हणायचे की नाही, हे खरोखरच लांबच लांब रेणू आहेत, साध्या बंधांनीच जोडलेले. एमिल फिशरसारख्या दिग्गजाने बनवलेला सगळ्यात मोठा रेणू ४२०० रेणुभाराचा होता, आणि त्याच्या पलीकडे जाता येणार नाही असं बऱ्याच जणांना वाटत होतं.

कॅरोदर्सने वाद घालण्याऐवजी म्हटलं, आपण असा रेणू बनवूनच दाखवू. आणि तोही एकेक पायरी करून, जी रिअ‍ॅक्शन बी.एस्सी.ची मुलंही ओळखतात तीच वापरून. आमच्या नंदुरबार स्टेशनवरून सुरत-भुसावळ लाइनच्या मालगाड्या जातात. डब्याला दोन्ही टोकांना कपलिंग असतं म्हणून गाडी हवी तेवढी लांब करता येते. ज्याला एकाच टोकाला कपलिंग आहे तो डबा जोडला की गाडी तिथेच संपते. साधं आम्ल आणि साधं अल्कोहोल घेतलं तर एस्टर होतो आणि गोष्ट संपते. पण दोन्ही टोकांना आम्ल असलेला रेणू आणि दोन्ही टोकांना अल्कोहोल असलेला रेणू घ्या, मग प्रत्येक जोडणीनंतर नवीन टोक शिल्लकच राहतं. प्रत्येक जोडणीला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. १९२९ पासून त्याने या विषयावर पेपर लिहायला सुरुवात केली. अ‍ॅडिशन आणि कंडेन्सेशन पॉलिमर असे जे दोन प्रकार आपण फर्स्ट इयरला शिकतो ती विभागणी त्याचीच.

पण गाडी पाच-सहा हजाराच्या रेणुभारावर अडकली. बाहेर पडलेलं पाणी तिथेच राहून रिअ‍ॅक्शन उलटी फिरवत होतं. ल शातेलिए, दुसरं काय! मग मॉलेक्युलर स्टिल नावाचं उपकरण आणलं, ज्यात जबरदस्त व्हॅक्यूममध्ये पाण्याचा शेवटचा थेंबही ओढून घेता येतो. एप्रिल १९३० मध्ये त्याचा सहकारी ज्युलियन हिल याने असा पॉलिएस्टर बनवला ज्याचा रेणुभार १२००० च्या वर गेला. त्यात काचेची कांडी बुडवून वर ओढली तर धागा निघाला. आणि तो थंड धागा ताणला तर तुटण्याऐवजी चार-पाच पट लांब झाला, चमकदार झाला आणि जास्तच मजबूत झाला. कोल्ड ड्रॉइंग ते हेच. सांगतात की एकदा कॅरोदर्स बाहेरगावी असताना या मंडळींनी प्रयोगशाळेच्या कॉरिडॉरमध्ये धागा धरून पळापळ केली, किती लांब जातो ते बघायला. आपल्या वर्कशॉपमध्ये असं कुणी केलं असतं तर फाइन लागला असता.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात, १७ एप्रिल १९३० ला, त्याच ग्रुपच्या अर्नोल्ड कॉलिन्सला एका बाटलीत रबरासारखा घट्ट गोळा मिळाला. जमिनीवर आपटला तर उसळला. ते निओप्रीन, तेलाने न विरघळणारं कृत्रिम रबर. १९३१ मध्ये ड्युपॉन्टने ते जाहीर केलं. म्हणजे रुजू होऊन दोन वर्षं झालेल्या माणसाच्या ग्रुपमध्ये एका महिन्यात कृत्रिम रबर आणि कृत्रिम धागा! वय चौतीस.

मग तो खूश झाला असेल? इथेच तर मेख आहे. नाही झाला. यशानंतरच्या वर्षांत झटके वाढले. धागा बनला होता, पण तो गरम पाण्यातच मऊ पडायचा, म्हणजे कपडा धुतला की संपला. स्टाइनना बढती मिळाली आणि त्यांच्या जागी आलेल्या एल्मर बोल्टन यांना संशोधनातून प्रॉडक्ट हवं होतं. कॉन्फरन्समध्ये बोलायचं म्हटलं की त्याला कित्येक दिवस आधीपासून धडकी भरायची, आणि ती धडकी दाबायला तो दारू प्यायचा. दारू काही तासांपुरती भीती झोपवायची आणि नंतर आजार दुप्पट करून परत द्यायची.

तरीही तो सांभाळत होता, आणि हे सांभाळणं मला नीट सांगायचं आहे, कारण त्याच्या लेखांमध्ये नायलॉनवर दहा पानं आणि यावर दोन ओळी असतात. तो लपवत नव्हता, ही पहिली गोष्ट. जवळच्या मित्रांना लांबलचक पत्रं लिहायचा, त्यात स्वतःची थट्टाही करायचा. संगीत त्याचा मोठा आधार होता. आवाज चांगला होता, ग्रामोफोनच्या तबकड्यांचा संग्रह होता, आणि पुन्हा आयुष्य मिळालं तर संगीतच करेन असं तो बोलून दाखवायचा. राजकारण, कामगारांचे प्रश्न, तत्त्वज्ञान, सगळं वाचायचा. लांब पायी फिरायला जायचा. काही वर्षं तो ड्युपॉन्टमधल्या इतर अविवाहित शास्त्रज्ञांबरोबर एका घरात राहत होता, अगदी आपल्या हॉस्टेलसारखं. म्हणजे खोलीत एकटा कोंडून नव्हता. आणि लॅबमध्ये त्याचे सहकारी त्याच्या वाईट दिवसांत काम पुढे नेत होते.

हे वाचताना मला आमच्या गल्लीतले एक काका आठवले. ब्राह्मणपुरीत कुणाला शुगर झाली तर ते चावडीवर सांगतात, बीपीची गोळी चहाबरोबर सगळ्यांसमोर घेतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर अख्खं गाव बघायला जातं. हे काका मात्र एका वर्षी हळूहळू बोलेनासे झाले. शेतावर जाईनात, जेवण अर्धं टाकून उठत. आधी लोक म्हणाले कापसाला भाव नाही म्हणून. मग म्हणाले बाहेरचं काहीतरी आहे, आणि त्यांना एका भगताकडे नेलं. दोरे झाले, उतारे झाले. बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या धाकट्या सुनेने हट्ट धरला आणि ते डॉक्टरकडे गेले. आज ते बरे आहेत, पोळ्याला बैल स्वतः सजवतात. पण अजूनही त्यांच्या डब्यात बीपीच्या गोळ्यांची पट्टी वर असते आणि ती दुसरी पट्टी खाली, नाव जमिनीकडे करून ठेवलेली. कुणी विचारलं तर घरचे व्हिटॅमिन सांगतात. कॅरोदर्सने शंभर वर्षांपूर्वी जे पत्रात लिहिलं ते आमच्या गावात अजून डब्याच्या तळाशी आहे.

असो. मूळ गोष्टीकडे येते.

१९३३ च्या सुमारास कॅरोदर्सने धाग्याचं काम जवळजवळ सोडून दिलं होतं. विषय संपला असं त्याचं मत झालं होतं. आई-वडील त्याच्याकडे राहायला आले होते, पण घरात खटके उडायला लागले आणि १९३४ मध्ये ते परत गेले. त्या उन्हाळ्यात तो कुणाला न सांगता गायब झाला. नंतर कळलं की तो बाल्टिमोरजवळच्या एका मानसोपचार क्लिनिकमध्ये होता. आता तारखा जुळवून बघा. त्याच वर्षी बोल्टन यांच्या आग्रहाने त्याने धाग्याचा विषय परत हातात घेतला होता. या वेळी एस्टरऐवजी अमाइड, म्हणजे रेशमात आणि लोकरीत असतो तसाच बंध. २४ मे १९३४ ला डोनाल्ड कॉफमनने पहिला चांगला पॉलिअमाइड धागा ओढला. आजारपणातून तो परत आला आणि ग्रुपने पद्धतशीरपणे एकामागून एक डायअमाइन आणि डायअ‍ॅसिडच्या जोड्या तपासायला घेतल्या. २८ फेब्रुवारी १९३५ ला जेरार्ड बर्शे याने हेक्झामिथिलीन डायअमाइन आणि अ‍ॅडिपिक अ‍ॅसिड जोडलं. दोघांतही सहा-सहा कार्बन, म्हणून पॉलिमर ६६. वितळायला २६० अंशांच्या वर तापमान लागतं, कपडा बिनधास्त धुवा. कच्चा माल बेंझिनपासून मिळतो, म्हणून बोल्टननी हाच निवडला.

आणि ते समीकरण? ते १९३६ चं. इंग्लंडच्या फॅरेडे सोसायटीच्या नियतकालिकात आलं. साखळीची सरासरी लांबी म्हणजे एक भागिले, एक वजा पी. पी म्हणजे किती टक्के टोकं जोडली गेली ते. ९५ टक्के रिअ‍ॅक्शन झाली तर साखळी फक्त २० ची. ९९ टक्के झाली तर १०० ची. ९९.५ ला २००. व्हायवात ९५ टक्के मिळाले तर आपण पार्टी देतो, पण पॉलिमरमध्ये ९५ टक्के म्हणजे निरुपयोगी चिकट पदार्थ. धागा हवा तर शेवटचा अर्धा टक्काही ओढून काढावा लागतो. मला राहून राहून वाटतं की हा माणूस स्वतःलाही याच समीकरणाने मोजत होता. पण हे माझं मत, परीक्षेत लिहू नका.

२१ फेब्रुवारी १९३६ ला त्याने हेलन स्वीटमनशी लग्न केलं. ती ड्युपॉन्टच्याच पेटंट विभागात होती. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसवर त्याची निवड झाली. कंपनीत काम करणाऱ्या ऑर्गॅनिक केमिस्टला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. आणि जूनमध्ये त्याला फिलाडेल्फियाच्या मानसोपचार रुग्णालयात दाखल करावं लागलं. फेब्रुवारी लग्न, एप्रिल सन्मान, जून हॉस्पिटल. हा क्रम मी मुद्दाम लिहिला. आजाराला आपल्या कॅलेंडरशी काही देणं-घेणं नसतं. एवढं सगळं चांगलं चाललंय तर तुला वाईट वाटायचं कारण काय, हा प्रश्न म्हणूनच निरर्थक आहे. मधुमेहाच्या माणसाला कुणी विचारत नाही की घरी सगळं ठीक असताना तुझी साखर का वाढली.

त्याच उन्हाळ्यात गुरू रॉजर अ‍ॅडम्स धावून आले. ते युरोपात टायरॉलच्या डोंगरात फिरायला जाणार होते, डॉक्टरांच्या परवानगीने कॅरोदर्सला बरोबर नेलं. गुरू परतल्यावरही तो काही आठवडे एकटाच डोंगर चढत राहिला, आणि सप्टेंबरमध्ये परत आला. ड्युपॉन्टने त्याला कामावरून काढलं नाही, जमेल तसं ये म्हणून सांगितलं. पत्नी होती, डॉक्टर होते, गुरू होते, कंपनी होती. सगळे होते. तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही म्हणून असं झालं, असं मला तरी म्हणवत नाही.

जानेवारी १९३७ मध्ये त्याची बहीण इझोबेल न्यूमोनियाने वारली. ती रेडिओवर प्रसिद्ध होती आणि त्याची फार लाडकी. या धक्क्यातून तो सावरला नाही. ९ एप्रिलला नायलॉनच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. २९ एप्रिल १९३७ ला, एक्केचाळिसावा वाढदिवस होऊन दोन दिवस झाल्यावर, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. तोपर्यंत नायलॉन हे नाव ठेवलेलंसुद्धा नव्हतं, ते १९३८ मध्ये आलं. म्हणजे ज्या शब्दासाठी जग त्याला ओळखतं तो शब्द त्याने कधी ऐकलाच नाही. (न्यू यॉर्क आणि लंडन मिळून नायलॉन ही गोष्ट थाप आहे, हेही जाता जाता.)

काही जण म्हणतात प्रतिभावान माणसं अशीच असतात, दुःखातूनच मोठं काम होतं. मला हे अजिबात पटत नाही. त्याचं काम कधी झालं ते बघा: झटका ओसरल्यावर, सहकारी बरोबर असताना. आजाराच्या महिन्यांत काहीच झालं नाही, आणि शेवटच्या वर्षात तर जवळजवळ शून्य. आजाराने त्याला नायलॉन दिलं नाही, उलट जे पुढे होऊ शकलं असतं ते नेलं. १९३४ मध्ये त्याच्या ग्रुपमध्ये पॉल फ्लोरी नावाचा एक नवा पीएच.डी. मुलगा आला होता, तोच आपला फ्लोरी. त्याला १९७४ मध्ये पॉलिमरच्या कामासाठी नोबेल मिळालं. तेव्हा कॅरोदर्स ७८ वर्षांचा असता.

आणि औषध? हे वाचून मला खरंच हळहळ वाटली. इमिप्रामिन हे नैराश्यावरचं सुरुवातीचं गाजलेलं औषध. त्याचा उपयोग स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी १९५७ मध्ये जाहीर केला. ते ज्या रेणूच्या सांगाड्यावर उभं आहे तो, इमिनोडायबेन्झिल, १८९९ मध्येच तयार झाला होता. कॅरोदर्स तेव्हा तीन वर्षांचा होता. मूळ रेणू त्याच्या आयुष्यभर ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या पुस्तकांत पडून होता, त्याचं काय करायचं हे कुणाला सुचलं नव्हतं. लिथियमचा उपयोग जॉन केड यांनी ऑस्ट्रेलियात १९४९ मध्ये दाखवला. क्षयावरच्या इप्रोनियाझिडने रुग्णांचा मूड सुधारतो हे १९५२ च्या सुमारास दिसलं. सगळं त्याच्यानंतर पंधरा-वीस वर्षांच्या आत.

आज आपल्याकडे ती औषधं आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी ती लिहून देणारे डॉक्टर आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा चालू झाली, नंबर १४४१६, रात्री-अपरात्री कधीही आणि मराठीतूनही. आपल्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर मेसच्या थकबाकीच्या यादीशेजारी तो नंबर लावायला काहीच हरकत नाही. सबमिशनच्या आठवड्यात कुणी चार दिवस खोलीबाहेर आलं नाही तर आपण म्हणतो, अभ्यास करत असेल. टॉपर असेल तर नक्कीच म्हणतो.

कॅरोदर्स गेला तेव्हा हेलन गरोदर होती. २७ नोव्हेंबर १९३७ ला तिला मुलगी झाली. पुढच्या वर्षी २७ ऑक्टोबरला ड्युपॉन्टने न्यू यॉर्कमध्ये नायलॉन जगापुढे जाहीर केलं, तेव्हा ती बरोबर अकरा महिन्यांची होती.